बीज बनतंय, तरी बीजाच्या गोळ्या कशाला?

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय 30, लग्नाला चार वर्षं झाली. पाळी एकदम रेग्युलर, 28-29 दिवसांनी. नळ्या मोकळ्या, मिस्टरांचा रिपोर्टही चांगला, सगळं नॉर्मल म्हणतात मग दिवस का राहत नाहीत ते कोणीच सांगत नाही. बरेच महिने झाले क्लोमिफीन 50 (बीज तयार होण्याची गोळी) चालू आहे, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, सोनोग्राफी वगैरे काही नाही, मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवरच देतो. सासूबाई म्हणतात डोस वाढव. वाढवू का?

उत्तर : नाही हो, अजिबात नको, आणि जुन्या चिठ्ठीवर घेणंही आता थांबवा. ही गोळी मुळात ज्यांचं बीज वेळेवर तयारच होत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असलेल्या, दोन-दोन तीन-तीन महिने पाळी न येणाऱ्या बायकांसाठी. ती मेंदूला इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असल्याचं भासवते, मग एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं हार्मोन, वाढतं आणि बीज मोठं होतं. तुमची पाळी वेळेवर येते म्हणजे बीज बहुतेक सुटतंयच, खात्री करायची तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण 21व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी करा.

आणि बीज सुटत असताना नुसत्या गोळीने फारसा फरक पडत नाही. स्कॉटलंडमध्ये 580 बायकांवर अभ्यास झाला, 2008 साली छापून आला, त्यात सहा महिने काहीच उपचार न घेतलेल्यांपैकी 100त 17 जणींना बाळ झालं आणि नुसती गोळी घेतलेल्यांत 14 जणींना. म्हणजे बघा, एवढे महिने तुम्ही ज्या आशेवर काढलेत ती आशाच चुकीच्या जागी ठेवलेली होती, यात तुमचा काही दोष नाही. उलट क्लोमिफीनने काहींचं गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, जुळी राहण्याची शक्यताही वाढते.

आता सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, गोळीसोबत आययूआय, म्हणजे मिस्टरांचं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करायचं का. तेव्हा गोळीला अर्थ आहे, लेट्रोझोल ही दुसरी बीजाची गोळीही चालते, पण फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची वाढ बघणारी सोनोग्राफी, हवीच, बीजाची पिशवी 18-20 मिलिमीटर झाली की बीज सुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन देतात आणि दीड दिवसाने आययूआय. तीन-चार सायकलमध्ये नाही जमलं तर तेच करत बसू नका, आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, बोला. आणि क्लोमिफीनवर असताना डोळ्यांसमोर अंधुक दिसलं किंवा चमकल्यासारखं झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.