घोडा आधी मरू दे

प्रिय डीएमबाई,

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या गोष्टीच्या खेळात गोष्ट सांगणारी आणि राक्षस चालवणारी डीएम तू. त्या डावाबद्दल रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. चौघांच्या कॅरेक्टरांपैकी तीन पुलावर मेली, चौथी नदीत उडी मारून वाचली आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणारा आता ग्रुपवर बोलत नाही. "दादा, मी ओगर राक्षसाचं इतकं वर्णन केलं, तरी हे थेट भिडले," असं लिहिलंयस. वर्णनही सोबत जोडलंयस: महाकाय, अक्राळविक्राळ, डोळ्यांत रक्त उतरलेला, हातात झाडाच्या खोडाएवढा सोटा.

वर्णन झकास आहे. पण मागच्या महिन्यात तुझ्या गॉब्लिनांच्या, त्या चिल्लर राक्षसांच्या, डोळ्यांतही रक्तच उतरलं होतं आणि ते एकेका फटक्यात आडवे झाले होते. तुझ्या टेबलावर लाल डोळ्यांचा भाव सात हिट पॉइंट, म्हणजे सात नुकसान सोसण्याएवढा जीव, असा आधीच ठरून गेलाय.

मी तुला हसत नाहीये. माझं याहून वाईट झालं होतं. पहिलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, मी हौसेने सगळं मराठीत करायला घेतलं. दुसऱ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरांची टोळी), रात्रीचं जंगल, मेणबत्तीसुद्धा लावलेली. मी आवाज खाली आणून म्हणालो, "झाडीतून एक घुबड-अस्वल बाहेर येतं." पाच मिनिटं कुणाला हसू आवरेना. एकीने त्याचं नाव ठेवलं. फायटरने "पाळू या रे" म्हणत पिशवीतलं सुकं मटण पुढे केलं. हा प्राणी, इंग्रजीत आउलबेअर, एका टर्नला चोचीने सरासरी १० आणि पंजाने १४ नुकसान देतो, एकूण २४. फायटरचे हिट पॉइंट होते २०. मटण हातात असतानाच तो पडला, पुढच्या टर्नला क्लेरिक (पुजारीण) पडली, आणि मी घरी जाताना पूर्ण रस्ताभर ही मंडळी खेळ गांभीर्याने घेत नाहीत म्हणून धुसफुसत होतो.

चूक माझी होती, हे कळायला वर्ष गेलं. त्या नावाचा दबदबा माझ्या डोक्यात होता, कारण मॉन्स्टर मॅन्युअल हे राक्षसांचं पुस्तक मी वाचलं होतं. त्यांना फक्त दोन प्राणी जोडलेले ऐकू आले. तेच मी नुसतं "तिचे पाय उलटे आहेत" म्हणालो असतो, तर एकही जण पुढे सरकला नसता. हडळ आपल्याला आजीने आधीच सांगून ठेवलेली असते. ट्रोल, आउलबेअर, बॅसिलिस्क यांच्या गोष्टी सांगणारी आजी आपल्याकडे नाही. ती तुला व्हावं लागतं. (वाइट नावाचा एक मेलेला योद्धा आहे, तेवढा एकटाच मराठीत नुसत्या नावावर भीती घालतो.)

म्हणून विशेषणं ठेव बाजूला. ज्याची ताकद खेळाडूंना अनुभवाने माहीत आहे, असं काहीतरी घे आणि ते त्यांच्यादेखत शत्रूकडून मोडून घे. आपण २०१४ चे नियम खेळतो. त्यात सवारीच्या घोड्याचे हिट पॉइंट १३ आणि ओगरच्या सोट्याचा सरासरी फटकाही १३. असा योगायोग फुकट घालवू नये. पार्टी टेकडीवर, पूल खाली. एक जासूद घोडा पिटाळत पुलावर येतो. खालून सोटा एकदाच फिरतो. घोडा खिंकाळतसुद्धा नाही, पुढचे पाय दुमडून जागेवर बसतो. स्वार लांब फेकला जातो, धडपडत उठतो, ओरडायचंही विसरून पळत सुटतो. ओगर घोड्याचा मागचा पाय धरतो आणि पोतं ओढावं तसा फरफटत पुलाखाली नेतो. मग तू फक्त फायटरकडे वळून म्हण, "तुझाही घोडा याच जातीचा." आणि गप्प बस. त्यांना बोलू दे.

आता तुझ्या विझार्डचं. त्याचे हिट पॉइंट ७. शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटांइतकं भरलं की कॅरेक्टर जागच्या जागी मरतं, म्हणजे त्याच्या बाबतीत एका फटक्यात १४. ओगर टाकतो दोन आठपैलू फासे अधिक चार. ६४ पैकी २८ शक्यतांमध्ये बेरीज १४ किंवा वर जाते. फटका लागला तर निम्म्याला थोडं कमी वेळा पोरगं डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठीचा फासा, न टाकताच खलास. हे गणित तुला सेशनच्या आदल्या दिवशी करता आलं असतं. अंदाज त्यालाही फटक्याआधी यायला हवा होता. तो रुसलाय तो मेल्यामुळे नाही, मला वाटतं, तर आपण काय पणाला लावतोय हे न कळता मेल्यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती पुस्तकात कुणी ठळक करून लिहीत नाही. तुझी धोक्याची सूचना आली तेव्हा पार्टी पुलाच्या मध्यावर होती. ओगरची चाल ४० फूट, माणसाची ३०, तुझ्या ड्वार्फची २५. तिथून पळणार कुठे? शिवाय "इनिशिएटिव्ह टाका", म्हणजे लढाईत पाळी कुणाची आधी त्याचा फासा टाका, म्हटलं की टेबलावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात लढाईच सुरू होते. मग पळणं म्हणजे हरणं वाटतं. ताडोब्यातले गाइड वाघ शोधत नाहीत, वानरांचा कॉल ऐकतात. वाघ दिसायच्या बऱ्याच आधी ते जिप्सी थांबवतात. तुझा घोडा त्या कॉलच्या वेळेला मरायला हवा: अंतर असताना, दुसरी वाट शिल्लक असताना, फासे अजून डबीत असताना. आणि ती दुसरी वाट खरोखर असू दे. पूल सोडून उतार नसेल, होडी नसेल, ओगरशी बोलायची सोय नसेल, तर तू सूचना दिलीच नाहीस, फक्त मरणाची जाहिरात केलीस.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा निघाला तेव्हा सूचना द्यायचं काम जिना करायचा. तळघर जितकं खोल, तितके राक्षस जबर. खाली उतरायचं की नाही हे खेळाडू ठरवायचे. समोर आलेला राक्षस हल्ला करेलच असंही नव्हतं, दोन फासे टाकून त्याचा कल बघायचे. आपल्या पिढीने जिना काढला आणि दरवेळी तोलूनमापून एनकाउंटर, म्हणजे लढती, मांडायला लागलो. त्यातून खेळाडू एकच शिकले: दादाने समोर ठेवलंय म्हणजे मारता येणारच. ही सवय तुझ्या टेबलावर मीच लावलीय, त्याबद्दल माफी.

राक्षस किती जबर ते सांगणाऱ्या चॅलेंज रेटिंगच्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस. शॅडो नावाच्या सावलीसारख्या भुताचं रेटिंग अर्धं, हिट पॉइंट १६, ऐकायला काहीच नाही. पण प्रत्येक स्पर्शाला ती स्ट्रेंग्थमधून (अंगातल्या बळातून) एक ते चार खाते आणि शून्याला माणूस मेला. ८ स्ट्रेंग्थचा विझार्ड तीन-चार स्पर्शांत संपतो, हिट पॉइंट कितीही असले तरी. इथे घोडा मारून उपयोग नाही, कारण धोका किती हा प्रश्नच नाही, काय जातं हा आहे. मी एकदा हमाल वापरला होता. रोज दोन पेट्या उचलणारा गडी सकाळी पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून बसलेला, आणि तोही थरथरत. एवढं पुरलं, पार्टीने त्या खोलीत चार कंदील घेऊन पाऊल टाकलं.

आणि हे सगळं करूनही चौघांचे चेहरे कोरे दिसले, तर सरळ मराठीत सांग. "तुझं कॅरेक्टर या डोंगरात वाढलंय. याच्या एका फटक्यात विझार्ड मरू शकतो, हे त्याला माहीत आहे." फासा मागू नकोस. डोळ्यांसमोरचा डोंगराएवढा प्राणी धोकादायक आहे हे समजायला परसेप्शनचा (नजर-कानाचा) फासा लागत नाही. मजा जाते म्हणशील. मला तर उलट अनुभव आलाय. कळूनही जेव्हा ते पूल ओलांडायला निघतात, तेव्हा टेबलावर कुणी मोबाइलला हात लावत नाही.

तसे निघाले तर फासे उघड्यावर टाक आणि हात आखडू नकोस. एकदा का घोडा मेला आणि पुढे ओगर पडद्याआड हळूहळू मऊ झाला, की तुझा पुढचा घोडा कुणी खरा मानणार नाही. पळाले तर पळू दे. मागे धावायला नवा राक्षस सोडू नकोस, टोमणेही मारू नकोस. जासूद कुठेतरी भेटेल, त्याच्या थैलीत काहीतरी असेल, खेळ पुढे जाईल.

विझार्डवाल्याला आजच फोन कर, मेसेज नको. "तुला आधी कळायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं," एवढंच म्हण. नवं कॅरेक्टर त्याच पुलावरून पळालेला जासूद असेल का, ते विचार. बिनघोड्याचा.

शनिवारी येताना माझे दोन वीसपैलू फासे घेऊन ये. निळा माझा आहे, तुझा नाही.

तुझा,
दादा