करवंदाची जाळी की करवंदीची?

प्रश्न असा आलाय: फळ करवंद, मग 'करवंदीची जाळी' असं का छापतात? छपाईची चूक का? आणि झुडपाला जाळी कशी म्हणतात?

चूक नाही. फळाचं नाव एक आणि झाडाचं त्यावरूनच केलेलं ईकारान्त स्त्रीलिंगी, अशा जोड्या मराठीत जुन्या आहेत. आवळा खायचा, पण कार्तिकात पंगत बसते ती आवळीखाली, म्हणून 'आवळीभोजन'. बोर खातो, काटा मात्र बोरीचा टोचतो. तसंच हे करवंद आणि ही करवंदी. हल्ली झाडासाठीचा वेगळा शब्द बोलण्यातून मागे पडत चाललाय आणि 'करवंदाची जाळी' सर्रास ऐकू येतं. त्याला मी हरकत घेणार नाही. पण लिहिताना करवंदीच पसंत करेन. 'करवंदी फुलली' म्हटलं की झुडूप वेगळं सांगावं लागत नाही.

जाळी म्हणजे इथे दाट, गुंतलेलं झुडूप. वाघ दडून बसतो तीही जाळीच. करवंदीच्या काटेरी फांद्या एकमेकींत अशा अडकतात की दुसरा शब्द शोभलाच नसता.

खरी गंमत मूळ शब्दात आहे. संस्कृतात हा करमर्द. अमरकोशात 'करमर्दक' येतो आणि त्याच्या शेजारी 'कृष्णपाकफल', म्हणजे पिकल्यावर काळं होणारं. ग्रामचं गाव, नामचं नाव झालं तसा इथेही 'म'चा 'व' झाला. नाकातला उच्चार मात्र गेला नाही, तो पुढे सरकून 'द'च्या आधी अनुस्वार होऊन बसला. गुजराती करमदां आणि बंगाली करमचा यांत 'म' अजून शाबूत आहे, हिंदी करौंदा आपल्या वाटेने गेला. लिनियसने १७६७ मध्ये झाडाचं शास्त्रीय नाव 'कॅरिसा कॅरंडास' ठेवलं, त्यातला कॅरंडासही याच घराण्यातला. 'कर' म्हणजे हात, 'मर्द' म्हणजे चुरडणं, म्हणून हात ओरबाडणारं झाड, अशी फोडही सांगतात. ऐकायला झकास, पण मी तिच्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

लिंगाचा विषय निघालाच आहे तर, व्याकरणात करवंद नपुंसकलिंगी असलं तरी पोरांना ते मान्य नाही. फळ फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.