परदेशात ग्रुप टूरने गेल्यावर खरंच काही बघून होतं का, की नुसतीच पळापळ?

होतं. पळापळही होते. एवढ्यावर थांबले असते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आईबाबांना युरोपला पाठवायचंय आणि 'तिथे मेंढरांसारखं हाकतात असं ऐकलंय'. मेंढरं हा आमच्या धाकट्या दिरांचा शब्द. दर गणपतीत आरती झाली, प्रसाद हातात आला की तो निघतो, आणि त्याच्यामागोमाग माझी लूव्रची गोष्ट निघते. ती आमचे हे सांगतात आणि चुकीची सांगतात. तेव्हा आज मीच सांगते.

2018 चा मे. मी नुकतीच निवृत्त झाले होते, डोंबिवलीला शाळेत गणित शिकवायचे. आम्ही बेचाळीस जण, पंधरा दिवस. लंडन, पॅरिस, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी इटली. पॅरिसमध्ये लूव्र म्युझियमला दीड तास दिला होता. तिथल्या गाईड बाईंनी सगळ्यांच्या कानात हेडसेट अडकवले, मिटलेली छत्री उंच धरली आणि निघाल्या. आधी हात नसलेली व्हीनस, मग डोकं नसलेली पंखवाली विजयदेवता, मग मोनालिसा. हा ठरलेला रस्ता आहे, बहुतेक टूरवाले तोच घेतात, आणि दीड तासात दुसरं काही जमणारही नाही.

मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटर आहे. काचेमागे, आणि पुढे वर केलेल्या हातांचं रान. मला ती दिसली दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये, एकदम आठ-दहा मोनालिसा. कानात बाई 1911 सालच्या चोरीचं सांगत होत्या, एका इटालियन कामगाराने ती उचलून नेली आणि दोन वर्षांनी सापडली वगैरे. गोष्ट छान होती, पण माझ्या बरगडीत कुणाचं तरी कोपर होतं. म्हणून मी मागे वळले.

मागची अख्खी भिंत म्हणजे एक पंगत होती. जवळजवळ दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. मी लगेच गुणाकार केला, सवय जात नाही: 67 चौरस मीटर, म्हणजे सव्वासातशे चौरस फूट. आमचा डोंबिवलीचा फ्लॅट याहून लहान आहे. शंभरावर माणसं असतील चित्रात. मधोमध येशू, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. नवरानवरी कुठे आहेत हे शोधायला मला दोन मिनिटं लागली, ती बिचारी डाव्या टोकाला कोपऱ्यात बसलीत. वर गच्चीवर मांस कापणं चाललंय, खाली वाजंत्री बसलेत, उजवीकडे एक जण मोठ्या भांड्यातून धाकट्यात ओततोय आणि त्याच्या आसपास एक मांजर तिचे तिचे उद्योग करतंय. प्रसंग बायबलमधला आहे: लग्नघरात ऐन जेवणात द्राक्षाची दारू संपते आणि येशू पाण्याची दारू करून यजमानाची लाज राखतो. हे मी नंतर वाचलं. पण काहीतरी कमी पडलंय आणि वाढप्यांची धावपळ चाललीय, हे न वाचताही कळत होतं. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात श्रीखंड कमी पडलं होतं तेव्हा आमच्या सासूबाईंचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय.

त्या खोलीत तेव्हा दोन-तीनशे माणसं असतील आणि सगळ्यांची पाठ त्या चित्राकडे. मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. आमचे हे वीस मिनिटं म्हणतात. असेल. हेडसेटमध्ये बाईंचा आवाज खरखरायला लागला, मग बंदच झाला. त्याचा पल्ला फार नसतो, तो आवाज खरखरला की गट पुढे गेला समजायचं. हे तुमच्या आईबाबांना सांगून ठेवा.

आता वादाचा मुद्दा. आत शिरताना टूर मॅनेजरने सांगितलं होतं, चुकलात तर साडेतीनला 'पिरॅमिडखाली' भेटा. मी चुकले आहे हे कळल्यावर घाबरले नाही. पाट्या वाचत वाचत खाली आले आणि काचेच्या मोठ्या पिरॅमिडच्या बरोब्बर खाली, माहितीच्या गोल टेबलापाशी साडेतीनला पाच कमी असताना उभी राहिले. पिरॅमिडच्या खाली. शब्दश:.

गट मात्र उभा होता उलट्या पिरॅमिडपाशी. तो तळघरातल्या बाजाराच्या बाजूला आहे, काचेचाच, पण टोक जमिनीकडे. आमची बस तिकडच्या पार्किंगला होती, म्हणून तिथे. हे म्हणतात, मॅनेजर स्वच्छ 'उलट्या पिरॅमिडखाली' म्हणाला होता. नाही म्हणाला. सांगलीच्या जोडप्यानेही 'उलट्या' ऐकलं नव्हतं, त्यांनी फक्त पुढच्यांच्या पाठी धरल्या होत्या. आणि गणिताच्या बाईला तुम्ही 'पिरॅमिडखाली' असं सांगता तेव्हा लूव्रमध्ये पिरॅमिड किती आहेत ते तरी मोजा. मोठा एक, अंगणात त्याच्या भोवती छोटे तीन, तळघरात उलटा एक, आणि त्या उलट्याच्या टोकाखाली जमिनीवर दगडाचा चिमुकला एक. झाले सहा. त्यातल्या ज्याच्या खाली माणूस ऐसपैस उभा राहू शकतो, असा पहिला आठवणारा कुठला? मी उभी होते तो.

फोन? कार्ड एकच घेतलं होतं, यांच्या मोबाइलमध्ये. काटकसर यांची, लिहून ठेवते.

मॅनेजर पुन्हा तपासणीच्या रांगेत उभा राहून आत आला तोवर पन्नास मिनिटं गेली होती. पस्तिशीतला मुलगा, घामाघूम. एक शब्द बोलला नाही, माझी पर्स घेतली आणि चालायला लागला. बसमध्ये चढले तर बेचाळिसांतले चाळीस जण गप्प, आणि हे खिडकीबाहेर बघत होते.

पन्नास मिनिटांनी काय बिघडतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. बिघडतं. युरोपात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला नऊच तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तासांमागे पाऊण तास थांबायचं, रात्री सलग विश्रांती घ्यायची, आणि हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. 'भाऊ, जरा दहा मिनिटं थांबा ना' याला तिथे अर्थ नाही, दंड त्याला होतो. आमचा ड्रायव्हर पहाटेपासून कामावर होता. जेवण झालं, सीन नदीतली बोट झाली, पण रात्री बसमधून पॅरिसचे दिवे दाखवायचे होते ते रद्द. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो आणि मेमध्ये तिथे साडेनऊशिवाय अंधार पडत नाही. आम्ही त्याआधीच शहराबाहेरच्या हॉटेलकडे निघालो.

आमच्यात सांगलीच्या त्या जोडप्याबरोबर त्यांची आई होती, पंचाहत्तरीच्या पुढची, नऊवारीत. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, आजी, माझ्यामुळे तुमचे दिवे राहिले. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. हिकडं आणि कोण येतंय आता." आणि माझ्या ताटलीत लोणचं वाढलं. लोक मला शिव्या देतील याची तयारी मी केली होती. याची नव्हती.

असो. तुमचा प्रश्न राहिला.

पाठवा. टूरनेच पाठवा. दीर काय म्हणतील ते म्हणू देत. ते पुढच्या वर्षी 'आपलं आपण प्लॅन करून' गेले, सहा महिने एक्सेलमध्ये तक्ते भरत होते, आणि लूव्रच्या दारात मंगळवारी जाऊन उभे राहिले. लूव्र मंगळवारी बंद असतं. (व्हर्सायचा राजवाडा सोमवारी.) मेंढरांना निदान वार तरी कळतो. व्हिसाची कागदपत्रं, बॅगा, रोज रात्री वरणभात, साठीनंतर या गोष्टींची किंमत कळते, चाळिशीत कळत नाही.

मात्र माहितीपत्रक नीट वाचा. 'फोटो स्टॉप' म्हणजे उतरून दहा मिनिटं. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे बसच्या खिडकीतून. आत जाणार असतील तर तिकीट धरलंय असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर आत जाणार नाहीत, वाद घालू नका. एका शहरात दोन रात्री असतील अशीच टूर घ्या. दोघांच्या फोनमध्ये दोन वेगळी कार्डं घाला, इथे पैसे वाचवू नका. आणि भेटायची जागा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायची, नुसती ऐकायची नाही.

गुडघे दुखत असतील तर मात्र माझं सगळं सांगणं निम्मं धरा. बस गावाबाहेर लावतात, तिथून चालायचं असतं. पिसाला मनोरा दिसेपर्यंत आमचे हे तीनदा बसले. आणि ज्याला एखाद्या चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहायची खोड आहे त्याने टूर घेऊन शुक्रवारची संध्याकाळ वेगळी मागून घ्यावी, त्या दिवशी लूव्र रात्रीपर्यंत उघडं असतं. मला हे कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नाही. ते चित्र पाओलो व्हेरोनेझे याने 1563 साली पुरं केलं ते व्हेनिसमधल्या एका मठासाठी, सान जॉर्जो माज्जोरे. साधूंच्या जेवणघराच्या भिंतीवर, म्हणजे साधू जेवताना समोर ही पंगत. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून पॅरिसला नेलं आणि शिवून पुन्हा जोडलं. त्याच्या पाडावानंतर पुष्कळ लूट परत गेली, हे नाही गेलं. 2007 मध्ये त्या मठाच्या भिंतीवर हुबेहूब त्याच मापाची नक्कल लावली.

हे मी घरी आल्यावर, वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलं. आमच्या टूरमध्ये लूव्रनंतर आठव्या दिवशी व्हेनिस होतं. सेंट मार्क चौकात आम्हाला दोन तास मोकळे दिले होते. मी कबुतरं बघितली, काचेच्या बांगड्या घेतल्या, आणि पाण्याच्या काठाशी यांचा फोटो काढला. तो फ्रेम करून आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. यांच्या टोपीच्या मागे, पाण्यापलीकडे बेटावर पांढऱ्या दर्शनी भिंतीचं एक देऊळ दिसतं, शेजारी उंच घंटाघर. तेच सान जॉर्जो. बोटीने पाच-दहा मिनिटांवर होतं.