अमेरिकेतले डावे मतदार आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारांवर एवढे चिडलेले का असतात?

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. त्यामुळे ही चीड टीव्हीपेक्षा शेजारीपाजारीच जास्त ऐकली आहे.

मूळ दुखणं ऑक्टोबर २००२ चं. इराकवर हल्ला करायची मुभा बुशना देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी पास झाला. होकार देणाऱ्यांत जॉन केरी, हिलरी क्लिंटन, जो बायडन तिघेही होते. पुढे २००४, २०१६ आणि २०२० ला पक्षाने अध्यक्षपदासाठी उभं केलं ते याच तिघांना! मधले ओबामा तेवढे या युद्धाच्या आधीपासून विरोधात होते आणि २००८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी क्लिंटन यांना हरवताना ते त्यांना चांगलंच उपयोगी पडलं.

दुसरं गाऱ्हाणं पैशाचं. गोल्डमन सॅक्समधल्या तीन भाषणांचे क्लिंटन यांना ६,७५,००० डॉलर मिळाले होते. एवढे का घेतले, असं २०१६ मध्ये विचारल्यावर त्या म्हणाल्या, त्यांनी तेवढे देऊ केले. समोर उमेदवारीसाठी उभे असलेले डावे सिनेटर बर्नी सँडर्स, सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर लढणारे. भाषणाचे पैसे घेतले म्हणजे धोरण विकलं असं होत नाही, हे मी माझ्या सँडर्सवेड्या मित्राला सांगून थकलो. तो म्हणतो, "लाचेचं सोड रे, ऊठबस कुणाकुणात आहे ते बघ." हे मात्र मला पटतं. त्या वर्षीच्या एका डिबेटमध्ये सँडर्स म्हणाले होते, किसिंजर माझे मित्र नाहीत याचा मला अभिमान आहे. निक्सन यांचं परराष्ट्र धोरण सांभाळणाऱ्या या हेन्री किसिंजर यांना क्लिंटन मित्र म्हणत. १९७१ आठवणाऱ्या आपल्या लोकांना यातली खोच वेगळी सांगायला नको.

२०२४ मध्ये गाझावरून दोन्ही गाऱ्हाणी एकत्र आली. फेब्रुवारीत आमच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, एक लाखावर लोकांनी बायडन यांना डावलून 'अनकमिटेड'वर (म्हणजे कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही, या पर्यायावर) खूण केली. जूनमध्ये न्यूयॉर्कला इस्रायलवर टीका करणारे खासदार जमाल बोमन पक्षाच्याच प्रायमरीत पडले. त्यांच्याविरुद्ध एआयपॅक या इस्रायल समर्थक गटाशी संलग्न सुपर पॅकने (निवडणुकीत हवा तेवढा पैसा खर्च करू शकणाऱ्या संस्थेने) एक कोटी चाळीस लाख डॉलरहून जास्त ओतले होते.

तसे सँडर्सही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या युद्धाला वाट करून देणाऱ्या ठरावाला हाउसमध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) एकट्या खासदार बार्बरा ली यांनी विरोध केला. सँडर्स यांचं मत होकाराचं होतं. मित्राला याची आठवण करून दिली की तो चहा टाकायला उठतो.