'डूलॅली', 'चार वाला' आणि 'वी ब्रिटिश': देवळालीत घडणाऱ्या मालिकेचे शब्द मराठीत आणताना

प्रश्न असा आला आहे: बीबीसीच्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' या जुन्या लष्करी विनोदी मालिकेवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करायचा आहे. 'गॉन डूलॅली', 'चार वाला', 'पंका वाला' हे शब्द मुळात आपल्याकडचेच, मग ते सरळ मूळ रूपात लिहावेत का? आणि 'स्टीरिओटाइप'ला मराठीत काय म्हणावं?

आधी उत्तर: सरसकट मूळ रूपात आणू नका. हे शब्द इंग्रजीत गेल्यावर जे वाकडे झाले, त्या वाकडेपणातच मालिकेचा विनोद आहे आणि तिनं भारतीयांना साचेबद्ध दाखवलं हा तिच्यावरचा आक्षेपही. ते सरळ करून परत आणले की मराठी वाचकाला ना विनोद कळतो, ना आक्षेप.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीनं ती लिहिली. १९७४ ते १९८१ या काळात तिचे ५६ भाग झाले. काळ १९४५ चा, स्थळ नाशिकजवळची देवळाली छावणी, आणि पात्रं म्हणजे शाही तोफखान्यातली, सैनिकांसाठी नाचगाण्याचे कार्यक्रम करणारी एक तुकडी. पेरी स्वतः अशाच तुकडीत देवळालीला होते. पुढच्या भागांत ही तुकडी ब्रह्मदेशात जाते.

पहिला खड्डा शीर्षकातच आहे. 'एन्ट हाफ हॉट' म्हणजे 'अर्धंही गरम नाही' नव्हे. इंग्रजी बोलीत 'नॉट हाफ' म्हणजे 'भरपूर', नकारातून वाढवून सांगणं. मराठीत ही लकब तयारच आहे: 'आई, इथं थोडंथोडकं उकडत नाहीये!' हे घरी लिहिलेल्या पत्रातलं वाक्य आहे, म्हणून 'आई' हे संबोधन गाळू नका. लेखात मालिकेचं नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवा आणि हा अर्थ एकदाच द्या.

आता 'डूलॅली', म्हणजे इंग्रजीत डोकं फिरलेला. हो, ते देवळालीच. आपण बोलताना 'देव्ळाली' म्हणतो. इंग्रजांकडे ळ नाही, त्याचा ल झाला. स्पेलिंगमध्ये 'देव'चा 'देओ' झाला, देवगिरीच्या वाट्यालाही तेच आलं होतं. इंग्रजीच्या सवयीनं आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'ला'वर पडला, त्यामुळे पुढचं 'देओ' दबून नुसतं 'डू' उरलं आणि 'ला'चा 'लॅ' झाला. मूळ शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. या टॅपचा नळाशी किंवा टपलीशी काही संबंध नाही. तो हिंदुस्तानीतला 'तप', म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई या छावणीत येऊन मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघत. सैनिक नेणारी जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच निघत. मार्चनंतर मुदत संपली की पुढचा हंगाम येईपर्यंत फारसं काम नाही, वर उन्हाळा. त्यात माणसं चळत. आजारी आणि मनानं खचलेले सैनिक मायदेशी जाताना याच वाटेनं जात, हेही कारण सांगितलं जातं. दोन्ही कारणं एकत्र नांदू शकतात.

मराठीत दोन छटा वेगळ्या ठेवा. जुन्या शिपायांच्या बोलीतलं 'डूलॅली टॅप' म्हणजे 'चळ लागणं' किंवा 'चळ भरणं'. आजच्या इंग्रजीतलं 'गॉन डूलॅली' हलकंफुलकं आहे, तिथं 'सटकला' पुरे. 'भ्रमिष्ट' फार जड होतं. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' हा वाक्प्रचार मोहात पाडेल, कारण तिथंही गावाचं नावच वेडाची खूण झालं आहे. पण ज्या लेखात देवळाली हे घटनास्थळ आहे, त्यात दुसरं गाव घुसवलं की वाचक नकाशा शोधत बसतो. आणि 'देवळाली झाली' असं काही तर मुळीच करू नका. मराठीत हा अर्थ कधी रुजला नाही, नाशिककराला ते फक्त गावाचं नाव आहे. (राहुरीजवळची देवळाली प्रवरा वेगळी. छायाचित्र शोधताना ही गफलत होते.)

'चार वाला'त र उच्चारला जातच नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या उच्चारात 'सीएचएआर' म्हणजे 'चा'. तो र फक्त स्वर लांबवायला लिहिलेला आहे. देवनागरीत 'चारवाला' लिहिलंत तर वाचक चौथा कुणी शोधेल किंवा गुरांचा चारा आठवेल. 'चावाला' लिहा, आपल्या बोलीतही 'चा' आहेच. 'पंका वाला' म्हणजे छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनं ओढणारा. मराठी वाचकाला 'पंखेवाला' म्हटलं की पंखे विकणारा दिसतो, म्हणून पहिल्या उल्लेखात 'पंखा ओढणारा' हे सांगावंच लागेल.

खरी मेख '-वाला'त आहे. आपल्याकडे तो साधा प्रत्यय आहे: दूधवाला, रिक्षावाला, घरवाला. त्यात तुच्छता असेलच असं नाही. इंग्रजीनं तो तोडून स्वतंत्र नाम केलं: 'अ वाला', म्हणजे अमुक कामाचा नेटिव माणूस. परीक्षा देऊन आलेल्या गोऱ्या सनदी अधिकाऱ्यांना 'कॉम्पिटिशन वाला' म्हणत, तेही चिडवण्यासाठीच. मालिकेत मुहम्मद आणि रमजान यांना नावं आहेत, तरी ते ओळखले जातात चार वाला आणि पंका वाला म्हणूनच. गोऱ्या शिपायांनाही टोपणनावं आहेत, पण ती बहुतेक स्वभावावरून किंवा अंगयष्टीवरून पडलेली. एकाला स्वभाव, दुसऱ्याला काम, हा भेद आक्षेपाच्या मुळाशी आहे. मराठीत नुसतं 'चहावाला मुहम्मद' लिहिलं की तो पुसला जातो. उपाय साधा: पहिल्यांदा 'चार वाला' अवतरणात, उच्चाराच्या खुलाशासह; पुढे 'चावाला' आणि जमेल तिथं नाव.

स्वतःला ब्रिटिशांतलाच समजणाऱ्या रंगी राम या बेअररच्या (छावणीतल्या भारतीय नोकराच्या) तोंडचं 'वी ब्रिटिश' हे मात्र मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त खुलतं. इंग्रजीत 'वी' एकच. आपल्याला 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावं लागतं. मुहम्मदला तो ऐकवतो तेव्हा 'आम्ही ब्रिटिश': तू बाहेरचा. गोऱ्या शिपायांसमोर म्हणतो तेव्हा 'आपण ब्रिटिश': मी तुमच्यातला. दोन्हीकडे एकच सर्वनाम घातलंत तर अर्धा विनोद गेला. पहिल्या ठिकाणी हसू रंगीवर येतं, दुसऱ्या ठिकाणी त्याला आत न घेणाऱ्यांवरही. मालिका फक्त भारतीयांना हसते की साहेबी थाटालाही, या वादात दोन्ही बाजू बरोबर का वाटतात ते इथं दिसतं.

वादाचा दुसरा मुद्दा भाषेचा नाही, तरी लेखात येईलच. रंगीचं काम करणारे मायकल बेट्स जन्मानं झाशीचे, इंग्रज घरातले, युद्धात ब्रह्मदेशात लढलेले, हिंदुस्तानी बोलणारे. पण चेहऱ्याला तपकिरी रंग लावून त्यांनी हे काम केलं. १९७८ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या जागी दुसरा नट घेतला नाही. मुहम्मद झालेले डिनो शफीक ढाक्याचे. या प्रथेला 'मेकअप' म्हणून सोडू नका. 'रंग फासून' म्हणा, म्हणजे आक्षेप शब्दात राहील.

सार्जंट मेजर विल्यम्स वेल्श हेलात ओरडतो. त्याला वऱ्हाडी किंवा मालवणी देण्याचा मोह टाळा. या बोलींवर मराठी रंगभूमीनं स्वतःचे ठसे आधीच मारलेले आहेत, ते फुकट आयात होतात. 'वेल्श हेल काढून' एवढं पुरतं. रंगीच्या मोडक्या इंग्रजीसाठी मोडकी मराठीही नको. मराठीत मोडकं बोलणारा म्हणजे परप्रांतीय, असा अर्थ लागतो आणि पात्राची जागाच बदलते.

'स्टीरिओटाइप' मुळात छापखान्यातला शब्द: जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन ओतलेला अखंड पत्रा. समाजाच्या संदर्भातला अर्थ १९२२ मध्ये अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी रूढ केला. 'साचेबद्ध प्रतिमा' बरोबर आहे, पण चारदा वापरलं की लेख परिपत्रकासारखा वाटतो. पात्राबद्दल बोलताना 'ठरावीक ठशाचं' म्हणा, त्यात छापखानाही राहतो. 'ठोकळेबाज' हे लेखनाच्या दर्जावरचं मत आहे. रंगीचं पात्र ठशातलं आहे, पण बेट्सनी ते ठोकळेबाज केलेलं नाही. हे दोन शब्द अदलाबदल करू नका.

राहिली भागाच्या शेवटी येणारी रंगीची 'ओल्ड हिंदू प्रॉव्हर्ब'. तिथं अस्सल मराठी म्हण बसवू नका. आपण म्हणीला 'हिंदू' म्हणतच नाही, 'म्हण आहे' इतकंच म्हणतो. 'एक जुनी हिंदू म्हण आहे' असंच कानाला खटकणारं ठेवा आणि पुढचं वाक्य मुद्दाम सपाट लिहा.