लिनक्स फक्त प्रोग्रामरसाठी आहे का? आणि त्यात व्हायरस येत नाही, हे खरं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप सात-आठ वर्षांचा आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं मनात आहे, पण एक मित्र म्हणतो की ते प्रोग्रामर लोकांचं काम, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसावं लागतं. दुसरा म्हणतो की फुकट आहे, व्हायरस येत नाही, लॅपटॉप नव्यासारखा पळेल. ऐकायचं कुणाचं?

मी बारा वर्षं रोज लिनक्सच वापरतोय, आणि मला विचाराल तर तुमच्या दुसऱ्या मित्रापासून जास्त जपा. भीती घालणाऱ्यामुळे माणूस फार तर लिनक्सकडे वळत नाही. खोट्या कौतुकाला भुलून वळलेला माणूस मात्र आठवड्यात परत जातो आणि पुन्हा नाव काढत नाही. हे मी स्वतः करून बसलोय. माझा मावसभाऊ हिशेबाची कामं करतो. त्याचा संगणक सारखा अडखळायचा, म्हणून मी उत्साहाने गेलो, "यात सगळं होतं, काळजी करू नकोस" म्हणालो आणि जुनं सगळं पुसून लिनक्स टाकून दिलं. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले मॅक्रो, म्हणजे एका बटणावर कामं उरकणारे छोटे प्रोग्राम, होते. लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिस पॅकेजमध्ये फाइल उघडली, आकडेही दिसले, पण बटणं दाबली तर मॅक्रो काही चालेनात. चौथ्या दिवशी त्याने विंडोज परत टाकून घेतलं. "दिवसभर तू संगणकावर नेमकं काय करतोस?" एवढं मी आधी विचारायला हवं होतं. ते न विचारल्याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी कमांडचं बघू, कारण ते लवकर संपतं. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा (लिनक्सच्या अशा तयार संचांना डिस्ट्रो म्हणतात) टाकलं की समोर खिडक्या, मेनू, माउस, सेटिंग्ज सगळं असतं. ब्राउझर, मेल, व्हिडिओ, कागदपत्रं एवढंच काम असेल तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, न उघडता वर्षं जातात. मग कमांडची भीती आली कुठून? मदत शोधायला गेलं की उत्तरात लोक कमांडच देतात. त्याचं कारण साधं आहे: "डावीकडच्या तिसऱ्या चिन्हावर क्लिक करा" हे प्रत्येक डेस्कटॉपवर, म्हणजे खिडक्या-मेनूंच्या मांडणीवर, वेगळं असतं, पण एका डिस्ट्रोसाठी दिलेली कमांड तिथे कुठल्याही डेस्कटॉपवर तशीच चालते. त्यातलं एक मात्र लक्षात ठेवा. ज्या ओळीची सुरुवात 'सुडो'ने (sudo) होते ती संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालते. ती काय करते हे कळल्याशिवाय चिकटवू नका.

आता व्हायरस. इथे जरा थांबतो, कारण यावरचे गैरसमज धोकादायक आहेत.

विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर थेट चालत नाही, हे खरं. डाउनलोड केलेल्या फाइलला सहसा चालण्याची परवानगीच नसते, ती आपण द्यावी लागते. रोजचा वापर साध्या खात्यातून होतो आणि बहुतेक सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून, डिजिटल सही तपासून येतं. हे सगळे भक्कम फायदे आहेत. पण "येतच नाही"? २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर अशी लाखो उपकरणं काबीज केली. ती लिनक्सवरच चालणारी होती, आणि मिराय आत शिरला तो कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले पासवर्ड वापरून. त्याच वर्षी 'डर्टी काऊ' नावाची खोट उघड झाली. साध्या वापरकर्त्याला संपूर्ण अधिकार मिळवून देणारी ही चूक खुद्द कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, होती आणि २००७ पासून तशीच पडून होती. नऊ वर्षं! कोड सगळ्यांसाठी उघडा होता, तरी.

आणि मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी छोटीशी उपयुक्तता, जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोमध्ये असते. 'जिआ तान' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं सालसपणे मदत करत तिची देखभाल हाती घेतली आणि तपासणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आत एक चोरदरवाजा दडवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो काही चोर शोधायला निघाला नव्हता. दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त जातोय एवढंच त्याला खटकलं आणि तो खोदत गेला. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचायच्या आत बातमी फुटली. ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाची वाटते. कोड उघडा आहे म्हणजे तो कुणीतरी वाचतच असेल, असं मुळीच नाही. पण उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला, कुणाची परवानगी न मागता, मुळापर्यंत जाता आलं.

तेव्हा अपडेट वेळच्या वेळी घ्या, पासवर्ड नीट ठेवा. फसव्या मेलमधल्या लिंकवर जाऊन बँकेचा पासवर्ड टाइप केलात तर जगातली कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम तुम्हाला वाचवणार नाही.

"फुकट आहे, म्हणजे हौशी पोरांनी केलेलं असणार" हाही नेहमीचा समज. सुरुवात तशीच झाली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं जाहीर केलं. आज कर्नलमधलं बरंचसं काम इंटेल, रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट विकत घेतली ती सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून. जगातल्या सर्वात वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभाही लिनक्स कर्नलच आहे, म्हणजे "मी लिनक्स कधी वापरलंच नाही" हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नसतं. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होतं.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने या बाबतीत फार घोळ घातलाय. आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरूया. लिनक्स मुक्त आहे: कोड बघा, बदला, वाटा, त्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. ते बहुधा मोफतही मिळतं, पण कंपन्या त्याच्या सपोर्टचे पैसे घेतात आणि त्यात गैर काही नाही. उलट मोफत मिळणारी पुष्कळ सॉफ्टवेअरं मुक्त नसतात.

जुना लॅपटॉप पळेल का? हलका डेस्कटॉप घेतलात, उदाहरणार्थ एक्सएफसीई, तर चालू होणं, फाइली उघडणं यात फरक जाणवेल. पण ब्राउझर तोच, वेबसाइटी त्याच. ४ जीबी रॅममध्ये वीस टॅब उघडले की लिनक्सही गुदमरतं. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी बसवा. त्याने पडणारा फरक कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमच्या बदलापेक्षा मोठा असतो.

याच संदर्भात नव्या माणसाला हमखास दचकवणारी एक गोष्ट. टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड दिली की मेमरीचा हिशेब दिसतो. माझ्या ८ जीबीच्या मशीनवर आत्ता 'फ्री' या रकान्याखाली जेमतेम ४०० एमबी आहे. बघणाऱ्याला वाटतं, लिनक्सने सगळी रॅम खाल्ली! पण शेवटच्या 'अव्हेलेबल' रकान्यात साडेचार जीबी दिसतात. झालंय असं की रिकाम्या पडलेल्या रॅममध्ये कर्नलने डिस्कवरून वाचलेल्या फाइली ठेवून दिल्यात, म्हणजे पुन्हा लागल्या तर चटकन मिळतील. एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली की त्या लगेच काढून टाकल्या जातात. तेव्हा नजर शेवटच्या रकान्यावर ठेवा.

सॉफ्टवेअरबाबत मात्र पहिल्या मित्राच्या बाजूने बोलायला हवं. फोटोशॉप लिनक्ससाठी येत नाही. एमएस ऑफिस ब्राउझरमधून वापरता येतं, पण विंडोजवर बसवतो ते पूर्ण पॅकेज मिळत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या मदतीने विंडोजची बरीच सॉफ्टवेअरं चालतात, पण "बरीच" म्हणजे तुमचं नेमकं लागणारं चालेलच असं नाही. गेम्सची परिस्थिती २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आल्यापासून खूपच सुधारली, तरी फसवणूक रोखणारी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसवणारे काही ऑनलाइन गेम अजून चालत नाहीत.

म्हणून आधी कागदावर तुमची कामं लिहा: कुठली सॉफ्टवेअरं, कुठला प्रिंटर, कुणाशी कुठल्या फाइली देता-घेता. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर चढवून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल न करता सगळं वापरून बघता येतं, फक्त पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, प्रिंटर सापडतो का, हे तपासा. झाकणाची तपासणी विसरू नका, लॅपटॉप सर्वात जास्त तिथेच अडतात.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' ही लवकर सुरू होण्याची सोय बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिता येत नाही. दोन्हीकडे घड्याळ वेगळी वेळ दाखवायला लागलं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. एका सेटिंगने ते जुळतं. आणि काहीही हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा आणि सगळ्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. प्रिंटरचं किंवा वाय-फायचं काही अडलं तर लॅपटॉपचं मॉडेल इथेच कमेंटमध्ये लिहा, मी बघतो.