बूस्टर काढण्याआधी पेडल मोजा

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. ब्रेकचा बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) गंजून व्हॅक्यूम धरत नाही. तो काढून मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल ढकलणारा) थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, बसवला तर चालेल का? चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी जाणं असतं. – एक वाचक, वाळपई

उत्तर : आहे तोच सिलिंडर थेट बसवू नका. बूस्टरच्या गाडीत पेडलची तरफ साधारण चारास एक असते. सिलिंडर एक इंच व्यासाचा धरा. पायाने 30 किलो जोर दिलात तर पिस्टनवर 120 किलो पडतात, आणि तेलाचा दाब होतो जेमतेम 24 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. घाटाच्या उतारावर एवढ्याने भागत नाही. जुन्या फियाटला बूस्टर नव्हताच, असं कुणी सांगेल. खरं आहे, पण तिला चारही चाकांना ड्रम होते. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर आपसूक ओढला जाऊन घट्ट बसतो, डिस्कचा पॅड तसा बसत नाही.

तरफ सहास एक करा आणि सिलिंडर 7/8 इंची घ्या. तोच पाय आता 46 किलो दाब देतो. मात्र पेडलही जवळपास दुप्पट खाली जातं, म्हणून मागच्या ड्रमचे शू ढिले ठेवून चालणार नाही. पेडल 30 सेंमी लांब असेल तर पुशरॉडचं (पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याचं) भोक पेडलच्या वरच्या पिनपासून 7.5 ऐवजी 5 सेंमीवर येतं. मग सिलिंडरही तेवढाच वर चढवा, नाहीतर रॉड तिरपा चालून रबरं एका अंगाने झिजतात.

पिस्टनमधला रॉड बसायचा खड्डा खोल हवा. बूस्टरवाल्या सिलिंडरचा उथळ असतो, त्यातून रॉड निसटू शकतो. पेडल सोडल्यावर रॉड आणि पिस्टनमध्ये एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. ती नसली की तेल परतीचं छिद्र उघडत नाही, ब्रेक धरून राहतात, चाकं तापतात. मॅनिफोल्डवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरचा) व्हॅक्यूमचा निपल बंद करायला विसरू नका. उघडा राहिला तर इंजिन आयडलला डचमळतं.

आमचं मत विचाराल तर बूस्टरच बदला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही, तेव्हा आरटीओत आधी विचारा. आणि दोष नक्की बूस्टरचाच आहे ना, हेही पाहा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर आधी व्हॅक्यूमची नळी आणि तिचा एकमार्गी वॉल्व्ह तपासा.